चौदा चाकांचा सिनेमा

गंगाधर,

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. त्यात तुला ‘मोटारसायकल मेकॅनिक’ म्हटलं होतं. रज्जाक तो पेपर घेऊन माझ्या घरी आला. फार चिडला होता.

“ताई, दिग्दर्शक लिव्हायला पायजे व्हतं का न्हाई? फोन करून सांगू का त्यायला?”

मी म्हटलं, राहू दे. तुला कुणी दिग्दर्शक म्हटलं की तू मागे वळून बघायचास, दुसरंच कुणी आलंय की काय म्हणून. रज्जाकला ते पटलं नाही. त्याने पेपरची घडी घालून खिशात ठेवली आणि चहा न घेताच गेला.

मी रडले नाही, हेही सांगून टाकते. वीस वर्षं मी लग्नाच्या सिनेमांचं मिक्सिंग करतेय. पाठवणीत नवरीची आई किती वेळ रडताना दाखवायची, बाप कुठून घ्यायचा, मावशीचं रडणं ठेवायचं की नाही, हे मला झोपेतही सांगता येईल. स्वतःच्या रडण्याचं मात्र काही कळत नाही. तुझ्या दारात मी उभी होते तेव्हा माझं लक्ष गॅरेजच्या शटरकडे होतं. ते अर्धंच ओढलेलं होतं आणि आत कुणाची तरी उघडलेली गाडी तशीच पडली होती.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलास तो दिवस मला नीट आठवतो. हातात किराणा दुकानाची पिशवी, पिशवीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून घेतलेला जुना कॅमेरा आणि मेमरी कार्डांची एक डबी. प्रत्येक कार्डाला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठ्यांवर ग्रीसचे डाग.

“ताई, तुमी मिक्सिंग करता म्हने.”

“करते. लग्न कोणाचं?”

“लग्न न्हाई. पिच्चर हाय. डाकूंचा.”

“डाकू?”

“मोटारसायकलवरले,” तू म्हणालास, जणू त्याने सगळा उलगडा होणार होता.

मी तुला घालवून द्यायला हवं होतं. लग्नसराई होती, चार जणांची कामं अडकली होती. पण तू पहिलं कार्ड लावायला सांगितलंस. पडद्यावर जिंतूर रोडवरची दुपार आली. रिकामा रस्ता, दोन्ही बाजूला कापसाच्या पऱ्हाट्या, आणि लांबून सात मोटारसायकली येतायत. येतायत, येतायत, येतच राहतायत. तीन मिनिटं नुसतं येणं. मी म्हटलं, एवढं लांबलचक कोण बघणार? तू म्हणालास, “ताई, आपल्याकडं गाडीवरला मानूस म्हंजे दूधवाला न्हाईतर फवारनीवाला. कवातरी तो नुसताच येताना दिसू द्या की. काहीच न आनता.”

ते वाक्य तू ठरवून बोलला नव्हतास. मी काम घेतलं ते त्या वाक्यासाठी.

‘चौदा चाकं’ची गोष्ट आता कुणाला सांगायची म्हटली तर दोन ओळींत संपते. गावाने हाकलून दिलेले सात जण जिंतूरजवळच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात राहतात, वाळूचोरांचे ट्रक अडवतात आणि शेवटी एकेक करून कमी होतात. तुझ्याकडे एक शाळेची वही होती. तीत संवाद कमी आणि गाड्यांची चित्रंच जास्त. माणसं तू काड्यांची काढायचास, गाड्या मात्र शिशपेन्सिलीने छाया देऊन, कार्बोरेटरसकट.

डाकूंना चामड्याची जाकिटं पाहिजेत असा तुझा हट्ट होता. चामडं कुठून आणणार? रिक्षांची सीट शिवणाऱ्या माणसाकडून तू सात काळ्या रेक्झिनच्या बंड्या शिवून घेतल्यास. एप्रिल-मे महिन्यात, परभणीच्या उन्हात, सात माणसं रेक्झिन घालून गाड्या पळवत होती. त्यांतल्या ज्ञानोबाच्या पाठीवर फोड आले. त्याची बंडी काढताना ती पाठीला चिकटली होती, आणि तू ती सोडवता सोडवता म्हणत होतास, “अजून एकच शॉट, ज्ञानोबा, एकच.” त्याने दिला. तुला कुणी ‘नाही’ का म्हणायचं नाही, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. तू आवाज चढवायचा नाहीस, गोडही बोलायचा नाहीस.

रज्जाकला तू टोळीचा सरदार केलंस. तो रेडिएटरच्या कामाचा माणूस, आवाज खणखणीत, आणि त्याची गाडी एकदा बंद केली की परत चालू व्हायला अर्धा तास. म्हणून सरदार सिनेमाभर गाडी बंदच करत नाही. भांडतो तरी गाडी चालू, मित्राला पुरतो तरी गाडी बाजूला धडधडतेय. मी वैतागले होते. इंजिनाच्या आवाजात संवाद ऐकू येईनात. तू म्हणालास, “मग ओरडून बोलंल त्यो.” आणि रज्जाक ओरडून बोलला. पुढे पिक्चर बघून कॉलेजची पोरं एकमेकांना सांगत होती, सरदार कसा कधीच गाडी बंद करत नाही, काय ऐट आहे. तू माझ्याकडे बघून नुसता हसलास. खरं कारण आपण दोघांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आता सांगितलं.

शूटिंगला मी चारच वेळा आले. त्यातल्या एका खेपेला आपण सगळे मार खाता खाता वाचलो. जिंतूरच्या पुढच्या एका गावाच्या वेशीवर तू सातही गाड्या आडव्या लावल्या होत्यास. मी झाडाखाली बसून होते. सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधलेले, हातात लाकडी बंदुका. तेवढ्यात गावातून वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन आली. पुढे एक म्हातारे होते.

“कोन गावचे रे तुमी?”

“काका, पिच्चर काढायलोत,” रज्जाक म्हणाला.

“मंग तोंडं कामून बांधलीत?”

“ऊन लय हाय ना, काका.”

म्हाताऱ्यांनी वर सूर्याकडे पाहिलं, मग रज्जाककडे. त्यांच्या स्वतःच्याही तोंडाला उपरणं गुंडाळलेलं होतं. ते मान हलवून म्हणाले, “ते बी खरंच हाय.” आणि पुढच्या शॉटमध्ये तीच माणसं त्याच काठ्या घेऊन तुझ्या डाकूंच्या मागे धावली. तू त्यांना फक्त एवढंच म्हणालास की मघाशी जसे आलात तसेच परत या. लोकांना तुझं म्हणणं लगेच समजायचं. मला प्रत्येक वेळी दोनदा विचारावं लागायचं.

पूर्णेजवळचा तो आगगाडीचा शॉट तू चार रविवार घेतलास. गाडीच्या बरोबरीने सात मोटारसायकली धावायच्या होत्या आणि गाडी कधी वेळेवर यायची नाही. शेवटी जेव्हा आली तेव्हा डब्यांतल्या सगळ्या प्रवाशांनी खिडक्यांतून हात बाहेर काढून डाकूंना टाटा केला. मी म्हटलं, हे चालणार नाही, दरोडेखोरांना कुणी टाटा करतं का? तू शॉट तीनदा पाहिलास. “ठिवा,” म्हणालास. मी ठेवला. त्या वादात तुझं बरोबर होतं, हे लिहून ठेवते. इतर वादांचं तसं नाही.

आता त्या मोठ्या वादाकडे येते. तो आपण संपवला नाही.

ज्ञानोबा आणि त्याचा धाकटा भाऊ दसरा झाला की दरवर्षी ऊसतोडीला जातात. तुझा सिनेमा तेव्हा अर्धा झाला होता. एका रविवारी सातपैकी पाचच गाड्या आल्या. मी म्हटलं, चौदा चाकांची दहा झाली, आता नाव बदल. तू वही काढलीस आणि तिथेच उभ्या उभ्या लिहिलंस की दोघा भावांना पोलीस पकडून नेतात. ते जेलमध्ये असताना टोळी पाच जणांची. उन्हाळ्याच्या तोंडाला ते परत आले की सुटून येतील. सोपं होतं.

ते परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. गालफडं बसलेली, हातांना भेगा, ज्ञानोबाच्या डाव्या अंगठ्याला पट्टी. त्यांना मेकअपची गरज नव्हती. जेलमधून सुटून आलेली माणसं म्हणून ती दोघं जितकी खरी दिसत होती तितकं तुझ्या सिनेमात दुसरं काहीच खरं दिसत नव्हतं.

जिनिंगच्या आवारात तो सीन तू घेतलास. मी तिथे नव्हते. मी तो माझ्या खोलीत, पडद्यावर पाहिला. सरदार विचारतो, “आत काय केलं इतके महिने?” तुझ्या वहीत उत्तर होतं, “दिवस मोजले.” बास, दोन शब्द. ज्ञानोबा ते म्हणाला. आणि मग थांबला नाही.

“पहाटं चारला उठायचं. थंडी असली की कोयता धरवत न्हाई, बोटं उघडत न्हाईत. बायकू मोळ्या बांधती. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. फळी वली असती. खाली बगायचं न्हाई. पोरगी तिकडं पाचटात खेळती. एक दिवस साप निगाला. ती म्हनली, बाबा, दोरी. मी कोयता टाकून पळालो. तिला उचलली. मुकादम म्हनला, टाइम कामून घालवला? ट्रक उभा हाय. वापस आलो तर पोरीला पाटीवर नाव लिव्हता येईना. गेली तवा येत व्हतं.”

हे साडेचार मिनिटं चाललं. मध्ये बराच वेळ तो नुसता अंगठ्याकडे बघत बसलाय. मागे रज्जाकची गाडी धडधडतेय आणि रज्जाक सरदाराचा चेहरा करायचा विसरून गेलाय.

मी ते वीस सेकंदांवर आणलं. “दिवस मोजले”, थंडी, बोटं, आणि कट. लगेच पाठलाग. तुला फोन करून सांगितलं तेव्हा तू दुसऱ्याच दिवशी परभणीला आलास.

“ताई, ज्ञानोबाचं बोलनं कापलं?”

“गंगाधर, तो जेलमधून आलाय. जेलमध्ये मुकादम कुठून आला? ऊस कुठून आला?”

“असू द्या. लोकायला समजतंय.”

“लोकांना समजत नसतं. लोक शिट्ट्या मारतात किंवा उठून जातात. साडेचार मिनिटं एक माणूस बोलतोय आणि कॅमेरा हललेला नाही. उठून जातील.”

“जाऊ द्या जायचे ते.”

“मग मला कशाला दिलंस काम? स्वतःच चिकटव.”

तू उठून चपला घातल्यास. नंतर म्हणालास, “तुमाला वाटंल तसं करा.” ही तुझी माघार आहे असं मी तेव्हा धरलं.

पहिला खेळ आपण पेडगावला लावला, तुझ्या गावात, एका मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या तरी फटींतून ऊन येत होतं आणि डाकूंच्या तोंडावर पट्टे पडत होते. कार्यालय भरलं होतं. शिट्ट्या पडल्या. टाटाच्या वेळी सगळं सभागृह उलटा टाटा करायला लागलं. ज्ञानोबा बायको आणि पोरीला घेऊन तिसऱ्या रांगेत बसला होता. आपला सीन यायच्या आधी त्याने बायकोला कोपराने खुणावलं, तेही मी पाहिलं, कारण मी बाजूला लॅपटॉपपाशी उभी होते. सीन आला. वीस सेकंद. गाड्या सुटल्या, लोक ओरडले. ज्ञानोबाची बायको अजून पडद्याकडे तशीच बघत होती, पुढचं यायचंय म्हणून. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाठलाग बघायला लागला.

बाहेर पडताना तो मला म्हणाला, “चांगलं झालं, ताई.” तो खोटं बोलत नव्हता. त्यामुळेच ते जड गेलं.

तू दुसऱ्या दिवशी आलास. बसला नाहीस. दारातच म्हणालास, “त्यानं घरी सांगितलं व्हतं, मी लय बोललोय म्हनून.” मी म्हटलं, मी सिनेमा वाचवला. तू म्हणालास, “व्हय. वाचला.” आणि गेलास. सात महिने तुझा फोन नाही. मीही केला नाही. माझं चूक होतं असं मला वाटत नव्हतं. आजही पूर्ण तसं वाटत नाही. त्या दुपारी साडेचार मिनिटं ठेवली असती तर निम्मे लोक बाहेर पान खायला गेले असते, हे मी आजही म्हणेन. पण ती बाई पडद्याकडे बघत राहिली होती, तेही मी पाहिलंय. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. त्यावर आपण नीट बोलायला हवं होतं.

सात महिन्यांनी तू पुन्हा ती डबी घेऊन आलास. जणू काल गेला होतास. “दुसरा चालू केलाय,” म्हणालास. मी खुर्ची दिली. भांडण मिटलं असं कुणीच म्हटलं नाही.

हे असं सगळं कोरडं लिहितेय, पण एक सांगायचं राहून जाईल. माझ्याकडे लग्नांची इतकी कामं झाली, कधी कुणी विचारलं नाही की ताई, तुम्हाला काय वाटतं. गाणं कोणतं टाकायचं, फुलं कुठून पडायची, हे तेच सांगतात. तू पहिल्या दिवसापासून विचारत होतास. ऐकायचास नाही, पण विचारायचास. ‘चौदा चाकं’च्या शेवटी नावं आली तेव्हा माझं नाव तुझ्या आधी होतं. मी ते तसं टाकलं नव्हतं. मी नसताना तू बसून ते बदलून गेला होतास. मी नंतर कधी दुरुस्तही केलं नाही. त्याबद्दल तुला थँक्यू म्हणायचं राहिलं.

तुझं तेरावं झाल्यावर तुझी मंगल माझ्याकडे आली, एसटीने, एकटीच. पाणी प्यायली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, “ताई, फोटो लय हायत घरी. मोबाईलमधी, भिंतीवर. त्यांचा आवाज कुठंच न्हाई. तुमच्याकडं आसंल का?”

मी नाही म्हणणार होते. तू सिनेमात कुठेच नाहीस. एका शॉटमध्येही नाहीस, सावलीसुद्धा नाही. मग लक्षात आलं की तू प्रत्येक शॉटमध्ये आहेस. कॅमेरा तुझ्याच हातात असायचा. शॉट सुरू करताना तू “सोडा!” म्हणायचास, क्लच सोडा या अर्थाने, आणि संपला की “बास.” त्या दोन शब्दांच्या मधलं ते माझं. अलीकडचं आणि पलीकडचं मी कापून टाकायचे. इतकी वर्षं तुझा आवाज काढून टाकणं हेच माझं काम होतं.

मंगलला म्हटलं, आठ दिवस दे.

दोन्ही सिनेमांचं सगळं मूळ शूटिंग माझ्याकडे होतं. मी पहिल्या कार्डापासून लावत गेले आणि फक्त शॉटची डोकी आणि शेपट्या ऐकत गेले. “सोडा.” “बास.” “रज्जाक, दाढी पूस, दही लागलंय.” “मागची गाडी दिसंना, थोडं उजवीकडं.” “ए, बकरी हाकला.” “बास, बास, लय भारी.” मध्येच तू कुणाशी तरी फोनवर बोलतोस, एका गाडीचं काम उद्या देतो म्हणून. ते सगळं मी एका फाइलीत जोडत गेले.

ज्ञानोबाचा सीन आला. तो मी त्या वेळी पुरता ऐकला असं मी समजत होते. खरं तर ज्ञानोबा बोलायचा थांबतो तिथेच मी थांबले होते, कारण तिथून पुढे माझ्या कामाचं काही नव्हतं. या वेळी पुढे जाऊ दिलं. तू “बास” म्हणत नाहीस. कॅमेरा चालूच राहतो. खूप वेळ नुसती रज्जाकची गाडी. मग अगदी जवळून तुझा आवाज येतो.

“पानी पे, ज्ञानोबा.”

ज्ञानोबा पितो. म्हणतो, “लय झालं का रे?”

“झालं तर झालं. ताई कापतील बहुतेक. त्यांचं बी खरं हाय. पन तू बोललास ना?”

“व्हय.”

“मंग झालं.”

म्हणजे परभणीला येऊन भांडलास तेव्हा तुला आधीच माहीत होतं. तू माझ्याशी भांडलास ते हरायचं ठरवून, तरीही भांडलास, कारण त्याच्या बाजूने कुणीतरी भांडायला हवं होतं. मी खुर्चीत मागे टेकून बसले. खालच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. 

तो पूर्ण सीन मी ज्ञानोबाला पाठवला. तो या वर्षीही तोडीवर आहे, सांगलीकडे. तुझ्या मातीलाही येऊ शकला नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला.

“ताई, बगितलं. फडातच बगितलं सगळ्यायनी.”

“बरं वाटलं?”

“मी तर जेलचं इसरलोच की ओ त्यात!” तो हसला. मग म्हणाला, “इथली लोकं म्हनायलीत, अजून एकदा लावा. मोबाईल उतरत आलाय माझा.” पुढे तो तुझ्याबद्दल काही बोलणार होता, पण मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला.

आता राहिलेली गोष्ट. ती सांगायची म्हणूनच हे सगळं लिहितेय, आणि इतका वेळ टाळत आले.

दुसऱ्या सिनेमाची कार्डं लावली आणि “सोडा”च्या आधी खोकला यायला लागला. सुरुवातीला एखादा. मग दोन-तीन. पुढच्या कार्डांत “बास”च्या नंतरही. ते ऐकताना मी चकित झाले नाही, गंगाधर. मला तो खोकला माहीत होता. आवाजाच्या पट्टीवर खोकला कसा उंच उभा राहतो हे मी वर्षभर बघत होते. प्रत्येक वेळी त्याच्या दोन्ही बाजूंना खूण करून मी तो काढून टाकायचे. कचरा म्हणून. गाडीचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं आणि तुझा खोकला, एकाच फोल्डरमध्ये.

एकदा तर मी तुला फोन केला होता. “गंगाधर, शॉट चालू असताना खोकत जाऊ नकोस. संवादावर येतो, मला काढता येत नाही.”

“बरं ताई, ध्यान ठिवतो,” तू म्हणालास.

त्यानंतरच्या कार्डांत खोकला कमी झालाय. त्याऐवजी कॅमेरा हलतो. मी तुला त्यावरही निरोप पाठवला होता, स्टँड वापर म्हणून. आता सगळं सलग ऐकल्यावर कळतं की तू तोंडावर गमछा दाबून खोकला धरून ठेवत होतास आणि त्याने हात हलत होता. माझ्या पट्टीवर तो दिसत नव्हता म्हणून मला वाटलं, बरा झाला.

रोज हेडफोन लावून तुझ्या छातीच्या इतक्या जवळ दुसरं कुणी बसलं नसेल. दवाखान्यात जा, एवढं एक वाक्य होतं. ते मी म्हटलं नाही. सुचलं नाही असंही नाही. एकदा-दोनदा ओठावर आलं होतं, पण तू कामाचं बोलून फोन ठेवायचास आणि मलाही कामं असायची.

मंगलसाठी फाइल पूर्ण करताना खोकले ठेवायचे की काढायचे, यात माझे दोन दिवस गेले. काढले तर पुन्हा तेच केल्यासारखं होतं. शेवटी ठेवले.

काल ती आली. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, हेडफोन लावून दिले आणि बाजूच्या स्टुलावर बसले. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त पडद्यावर आवाजाची पट्टी सरकताना दिसत होती, त्यामुळे ती कुठे आहे ते मला कळत होतं. रज्जाकच्या दाढीतल्या दह्याला ती हसली. बकरीला परत हसली. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली, पदर दोन्ही हातांत धरून. मग ते उंच उंच खोकले सुरू झाले. तिचा चेहरा बदलला नाही. तू धरून ठेवलेले जिथे आहेत, जिथे पट्टीवर जवळजवळ काही दिसतच नाही, तिथे तिने डोळे मिटले. संपल्यावर तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

मी म्हटलं, “मंगल, हा खोकला मी वर्षभर ऐकत होते. ऐकून काढून टाकत होते. एकदा त्यालाच रागावले, शॉटमध्ये खोकू नको म्हणून. दवाखान्याचं एकदाही म्हटलं नाही.”

ती हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली. मला वाटलं उठून जाईल. गेली असती तर मी अडवलं नसतं.

“आमाला बी ऐकू येत व्हता, ताई,” ती म्हणाली. “भिंतीच्या पलीकडल्यायला बी ऐकू येत व्हता.”

मग तिने वायर सोडली, हेडफोन पुन्हा कानाला लावले आणि पडद्याकडे बघत म्हणाली, “पयल्यापासून लावा.”

मी लावलं.